सिकलची गोळी आणि दिल्लीतली कलमं : विदर्भाच्या दहा खासदारांना खुलं पत्र

प्रति,
मा. खासदार,
नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ-वाशिम, अमरावती, अकोला, बुलढाणा

महोदय,
स. न. वि. वि.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे. आपल्यापैकी एकाचाच मी मतदार, पण पत्र दहाही जणांना लिहितो आहे. पक्ष वेगवेगळे असले तरी हा विषय कोणा एकाच्या मतदारसंघात मावणारा नाही. आमच्या भागातून आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक धानाच्या बोनसची आणि वाघाची असतात, ती यायलाही हवीत. माझं पत्र सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या औषधांबद्दल आहे, आणि ती औषधं कोणाला मिळणार हे ज्या कायद्यांनी ठरतं त्यांच्याबद्दल. ते कायदे मुंबईत किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होत नाहीत, आपण बसता तिथं होतात.

आजार काय आहे हे आपल्याला सांगायला नको. सभा-समारंभात त्यावर बोलताना मी आपल्यातल्या काहींना ऐकलं आहे. तरी दुकानाच्या काउंटरवरून तो कसा दिसतो ते सांगतो.

धानाची रोवणी लागली की आमच्याकडचं गिऱ्हाईक बदलतं. बांधीत गुडघ्याएवढं गार पाणी, वरून पावसाची झड, आणि दिवसभर वाकलेलं अंग. सिकलच्या रुग्णाला थंडी, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, यातलं काहीही एक पुरतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडं ठणकायला लागतात. संध्याकाळी कोणाचा तरी बाप सायकल टेकवून उभा राहतो. “भाऊ, पोरीचे हातपाय लय ठणकून रायले जी. डायक्लोची पट्टी द्या.” मी विचारतो, हायड्रॉक्सी चालू आहे ना? “सरली मागच्या महिन्यात. दवाखान्यात आली नाही म्हणते.” मग तो डायक्लो, म्हणजे दुखण्याची गोळी, घेऊन जातो. सिकलच्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच नाजूक असतात आणि डायक्लो नेमकं तिथंच घाव घालतं, हे मला ठाऊक आहे. त्याला सांगतोही. पण रात्रभर कण्हणारी पोरगी माझ्या घरी नाही, त्याच्या घरी असते.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात हेच पुन्हा होतं, फक्त गारठ्याच्या जागी ऊन असतं.

हायड्रॉक्सी म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. रोज घ्यायची कॅप्सूल. ती सुरू असली की आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं ते पुन्हा वाढतं, पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण घटतं, दुखणं उचलण्याचे प्रसंग कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. आजार मुळातून जात नाही, पण पोरगं शाळेत जाऊ शकतं आणि बाई रोजीला जाऊ शकते. औषध जुनं आहे. रसायन म्हणून ते १८६९ पासून माहीत आहे, रक्ताच्या कर्करोगावर १९६०च्या दशकापासून वापरात आहे. त्यावर आज कोणाचं पेटंट नाही. कॅप्सूल दहा-पंधरा रुपयांच्या घरात मिळते.

एवढं स्वस्त औषध असून गावच्या दुकानात का नसतं, तर ऐका. माझ्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, येतो. बॅगेत गॅसच्या गोळ्या, खोकल्याची सिरपं, ताकदीची टॉनिकं, नव्या अँटिबायोटिकची स्कीम, दहावर दोन फ्री. हायड्रॉक्सियुरिया घेऊन माझ्या दुकानात एमआर कधी आला नाही. त्यात कोणाला काय मिळणार? औषध अत्यावश्यक यादीतलं, किमतीवर सरकारची कमाल मर्यादा, दुकानदाराला १६ टक्के. टॉनिकवर किती सुटतात ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, चारचौघांत सांगणार नाही. त्यामुळे नागपूरच्या दवा बाजारातून चार पट्ट्या मागवायच्या, त्या पडून राहिल्या तर एक्सपायरीचा भुर्दंड सोसायचा, हे करायला छोटा दुकानदार धजत नाही. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळायला हवी. मिळते तेव्हा मिळते. आणि औषध चालू असताना रक्तातल्या पेशी मधूनमधून मोजाव्या लागतात, नाहीतर त्या वाजवीपेक्षा खाली जातात. ती तपासणी तालुक्याला. म्हणजे एक रोजी बुडाली.

लहान मुलांचं आणखी वेगळं. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. दहा किलोच्या पोराला लागतात १५० ते २०० मिलिग्रॅम. डॉक्टर आईला सांगतात, कॅप्सूल उघडून दहा मिली पाण्यात विरघळवा आणि सिरिंजनं तीन-चार मिली मोजून पाजा, उरलेलं टाकून द्या. ही कर्करोगाच्या औषधांच्या वर्गातली पावडर आहे, हाताला लागू नये अशी. आमच्या बायका ती परातीवर कागद ठेवून उघडतात, दाराला वारा असला तर पदर आडवा धरून. परदेशात याचं तयार पातळ औषध आहे. त्याच्या एका बाटलीची किंमत सत्तर हजार रुपयांच्या घरात होती. भारतीय कंपन्यांनी तेच बनवायला घेतलं तेव्हा किंमत काहीशे रुपयांवर आली, केंद्राच्या आरोग्य खात्यानंच २०२३च्या नोव्हेंबरात तसं जाहीर केलं. सत्तर हजार आणि काहीशे! औषध तेच. ही बाटली माझ्या काउंटरवर अजून मी पाहिलेली नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आता जरा मागं जाऊ. सिकलसेलची पहिली नोंद शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली केली. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूपर्यंत मूळ सापडलेला हा पहिलाच आजार. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातला सिकलसेल वैद्यकाच्या जगापुढे मांडला. इतकं लवकर, इतकं स्वच्छ निदान क्वचितच कुठल्या आजाराच्या वाट्याला आलं असेल. आणि सिकलसाठी म्हणून पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९८ साली. तेही नवं नव्हतं, हीच आपली जुनी हायड्रॉक्सियुरिया. दुसरं औषध यायला २०१७ उजाडलं.

या उशिराचं खापर विज्ञानावर फोडता येत नाही. जगात सिकल घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त नायजेरिया, काँगो आणि भारत या तीन देशांत जन्मतात. अमेरिकेत रुग्ण आहेत साधारण एक लाख, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. मलेरियाच्या प्रदेशात ज्यांच्या अंगात हा गुण अर्धा, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच आलेला होता ते मलेरियातून वाचत आले, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आमच्याकडे गोंड, माडिया, परधान आहेत, पूर्वाश्रमीचा महार समाज आहे, कुणबी-तेली आहेत. (केंद्राच्या सिकल निर्मूलन अभियानाच्या भाषणांत हा निव्वळ आदिवासींचा आजार होऊन बसतो. आमच्या तालुक्यात नुसतं आदिवासी पाड्यांवर तपासत बसलात तर किती घरं सुटतील ते मोजायलाही माणूस उरणार नाही.) यातला कोणीही औषध कंपनीच्या हिशेबात गिऱ्हाईक म्हणून बसत नव्हता. जर्मनीच्या बायर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मारिन डेकर्स २०१३ साली आपल्या कर्करोगाच्या औषधाबद्दल म्हणाले होते की आम्ही ते भारतासाठी काढलेलं नाही, ज्यांना परवडतं अशा पाश्चात्त्य रुग्णांसाठी काढलं आहे. बोभाटा झाला, मग सारवासारव झाली. मला विचाराल तर माणूस खरं बोलला.

२०१९ पासून चित्र बदललं. एकाच महिन्यात दोन नवी औषधं अमेरिकेत मंजूर झाली. त्यातलं एक, व्हॉक्सेलोटर, वर्षाला सव्वा लाख डॉलरचं. ते बनवणारी कंपनी २०२२ साली फायझरनं सुमारे ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. दोन वर्षांनी, २५ सप्टेंबर २०२४ रोजी, फायझरनं ते औषध जगभरातून मागं घेतलं, कारण चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांत दुखण्याचे झटके आणि मृत्यू जास्त दिसायला लागले. त्या चाचण्यांची केंद्रं कुठं होती, तर नायजेरिया, केनिया अशा देशांतही. मी औषध विकणारा माणूस आहे. चाचणीत वाईट निघालं म्हणून औषध मागं घेणं यात मला गैर काही दिसत नाही, तसंच व्हायला पाहिजे. मला खुपतं ते एवढंच, की धोका वाटून घ्यायला गरीब देशांतलं रक्त चालतं, आणि औषध चांगलं निघालं असतं तर त्याच रुग्णांना सव्वा लाख डॉलर कोण देणार होतं?

मग जनुकीय उपचार आले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन मंजूर झाले, एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. पहिल्याचेच अठरा कोटी रुपयांच्या वर होतात. रुग्णाच्या मूळ पेशी काढायच्या, जनुकात दुरुस्ती करायची, केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत घालायच्या. विज्ञान म्हणून मी थक्क होतो. दुसऱ्या कोणाची जुळणारी अस्थिमज्जा न शोधता हा आजार पुसून टाकता येईल असं माणसाच्या हातात पहिल्यांदाच काही आलं आहे. पण माझ्या दुकानात उधारीची वही आहे, त्यात “धानाचा चुरणा झाल्यावर” असं लिहून लोक दोनशे-तीनशे ठेवून जातात. त्या वहीवर बसून अठरा कोटी वाचले की डोकं चालत नाही.

“संशोधनाला खर्च येतो” हे उत्तर मला पाठ आहे. येतोच. पण सिकलच्या रेणूपासून जनुकापर्यंतचं पायाभूत काम बरंचसं विद्यापीठांत आणि सरकारी पैशावर झालं, आणि शेवटी किंमत ठरते ती खर्चावरून नाही, गिऱ्हाईक किती देऊ शकेल यावरून. हे आम्हा दुकानदारांना कोणी शिकवायला नको.

इथून पुढं आपलं काम सुरू होतं.

भारतात १९७०चा पेटंट कायदा मूळ रूपात होता तोवर औषधावर पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळेच आपले कारखाने दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवू शकले आणि जगाला स्वस्त औषध पुरवणारे झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधावरच पेटंट द्यावं लागलं. तेव्हा संसदेनं शहाणपण केलं, कायद्यात कलम ३(ड) घातलं. जुन्या औषधाचा थोडा वेगळा क्षार, वेगळा स्फटिक काढून नवं पेटंट मागितलं तर ते देऊ नये, गुणकारिता खरोखर वाढली असेल तरच द्यावं. याच कलमावर नोव्हार्टिस सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठापुढे हरली. औषध होतं रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक. कंपनीची महिन्याची किंमत लाखाच्या वर, भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांत. त्या आधी वर्षभर, मार्च २०१२ मध्ये, बायरच्या नेक्सावर या औषधावर सरकारनं सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, आणि महिन्याचे दोन लाख ऐंशी हजार नऊ हजारांच्या आत आले. कंपनीला स्वामित्वधनही मिळालं, म्हणजे लुटालूट नव्हती. असा परवाना भारतात दिला गेला तो तेवढा एकच. त्यानंतर एकही नाही, कोविडमध्येही नाही.

तिसरी गोष्ट पेटंट मिळण्याआधीच हरकत घेण्याची. ती कोणीही घेऊ शकतं. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनवर जॉन्सन अँड जॉन्सनला २०२३ नंतर आणखी चार वर्षं मक्तेदारी हवी होती. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले या क्षयातून उठलेल्या दोघींनी हरकत घेतली. दोघींची श्रवणशक्ती आधीच्या विषारी औषधांनी गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. आमच्याकडे क्षयाचे रुग्ण सिकलपेक्षा कमी नाहीत, त्यामुळे ही बातमी मी दुकानात चिकटवली होती. कोणी वाचली असेल असं वाटत नाही, पण चिकटवली होती.

अगदी अलीकडचं सांगतो. मुलांचे स्नायू निकामी करणाऱ्या एसएमए या आजारावर रॉश या स्वीस कंपनीचं रिसडिप्लाम आहे. एक बाटली सहा लाखांच्या आसपास. नॅटको या हैदराबादच्या कंपनीला थांबवावं म्हणून रॉश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अंतरिम मनाई मिळाली नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हात घातला नाही, आणि नॅटकोनं बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आणली. न्यायालयाला हे करता आलं कारण कायद्यात फट नव्हती, दार होतं. २००५ साली आपल्या आधीच्या खासदारांनी ते उघडं ठेवलं.

एक उदाहरण उलटंही आहे, आणि ते सिकलच्या पोरांचंच आहे. सिकलमध्ये पानथरी लहानपणीच निकामी होते, म्हणून न्यूमोकोकसचा न्यूमोनिया या मुलांना चटकन घेऊन जातो. त्यावरची फायझरची तेरा प्रकारांवर चालणारी लस आहे. तिच्या पेटंटला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेनं हरकत घेतली होती, ती फेटाळून ऑगस्ट २०१७ मध्ये पेटंट दिलं गेलं. सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस देशभर पोचायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात पुण्याच्या सीरमनं दहा प्रकारांची स्वतःची लस काढली म्हणून बरं. त्या आधी खासगी दवाखान्यात एका डोसला काही हजार मोजायचे होते. आमच्या भागात ते कोणी मोजले असतील तर सोनारानं आणि पतसंस्थेच्या अध्यक्षानं.

देशी कंपन्या संत आहेत असा माझा दावा नाही. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाड्यातली लेकरं खोकल्याच्या सिरपनं गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत शेवटची धुगधुगी घेऊन पोचली होती. सिरप तामिळनाडूत बनलेलं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल. त्या आठवड्यात मी दुकानातली सगळी सिरपं खाली उतरवून एकेका बाटलीचा बॅच नंबर बघत बसलो होतो. त्यामुळे कोणी म्हणत असेल की स्वस्त तेवढं चांगलं, तर मी त्याच्या बाजूचा नाही. औषध निरीक्षकांच्या जागा भरा, कारखान्यांच्या तपासण्या करा. मात्र मोठ्या कंपन्यांचे वकील जेव्हा याच लेकरांचं नाव घेऊन सांगतात की म्हणून पेटंट कडक करा, तेव्हा तो निव्वळ कांगावा असतो. भेसळीवर इलाज तपासणीचा आहे, मक्तेदारीचा नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. १० मार्च २०२४ रोजी आपल्या देशानं स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी व्यापार करार केला. नोव्हार्टिस आणि रॉश दोन्ही स्वीस. पाचच दिवसांनी, १५ मार्चला, पेटंटचे नियम बदलले. पेटंट घेणारी कंपनी ते औषध भारतात खरंच पुरवते की नाही याचा हिशेब दरवर्षी द्यावा लागायचा, तो आता तीन वर्षांतून एकदा. सक्तीचा परवाना मागायचा तर याच हिशेबावर मागायचा असतो, कागदच तीन वर्षांनी येणार असेल तर मागणार कधी? पेटंटपूर्व हरकतीला फी लागली, आणि हरकत दखल घेण्याजोगी आहे की नाही हे कार्यालय आधीच ठरवणार. नंदितासारख्या रुग्णाला आता दारातच चाळणी. मग २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. त्यात मान्य केलं आहे की औषधं लोकांपर्यंत पोचवायचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीनं स्वखुशीनं दिलेले परवाने. सरकार म्हणतं, सक्तीच्या परवान्याचा अधिकार अबाधित आहे. असेल. पण आजवर एकदाच वापरलेला अधिकार आणखी एका करारात दुय्यम म्हणून लिहून दिला, तर तो वापरायला पुढचा अधिकारी धजेल का?

स्वखुशीचा परवाना कसा असतो ते हिपॅटायटिस सीच्या औषधात दिसलं. गिलियडनं भारतीय कंपन्यांना परवाने दिले, किंमत प्रचंड उतरली, आपल्या रुग्णांचा फायदाही झाला. पण कोणत्या देशांना विकायचं याची यादी गिलियडनं केली आणि मधल्या उत्पन्नाचे कितीतरी देश बाहेर ठेवले. आज आपण यादीत आहोत. उद्याच्या सिकलच्या औषधाच्या यादीत असू की नाही, हे बोस्टनमधल्या औषध कंपनीतला कोणी ठरवणार आणि आपण बघत बसणार.

या करारांवर संसदेत मतदान होत नाही हे मला कळतं. प्रश्न मात्र विचारता येतो, आणि आपण दहा जण मिळून विचाराल तर उत्तर टाळता येणार नाही. २०२४च्या नियमांनंतर पेटंटपूर्व हरकती किती आल्या आणि त्यातल्या किती दारातच अडल्या? जनुकीय उपचारांवर भारतात कोणत्या कंपन्यांचे पेटंट अर्ज पडून आहेत आणि त्यांना कोणी हरकत घेतली आहे का? कायद्याचं कलम १०० सरकारला स्वतःच्या उपयोगासाठी पेटंट असलेली वस्तू वापरू देतं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला पंतप्रधानांनी जे अभियान सुरू केलं, २०४७ पर्यंत सिकल निर्मूलनाचं आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचं, त्या अभियानासाठी ते कलम वापरायची तयारी आहे का? यापुढच्या करारांत चाचण्यांच्या माहितीवरची मक्तेदारी आणि पेटंटची मुदतवाढ घेतली जाणार नाही असं सभागृहात सांगता का?

आणखी एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं सिकलवरचा स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर केला, नाव दिलं बिरसा मुंडांचं, आणि तंत्रज्ञान सीरमकडे दिलं. मला अभिमान वाटला. रुग्णांपर्यंत तो पोचायला वेळ आहे. पण जनतेच्या पैशावर झालेल्या या कामाची शेवटची किंमत कोण ठरवणार, करारात तशी अट आहे का, हे आत्ताच विचारा. बिरसांच्या नावाचं औषध त्यांच्याच लोकांना परवडलं नाही तर स्वीस कंपनीला नावं ठेवायला आपल्याला तोंड उरणार नाही.

दिल्लीतलं झालं. गावातलं तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्ष किंवा सहअध्यक्ष आपण असता आणि आरोग्य अभियान त्याच समितीपुढे येतं. तिथं आजवर मला दिसतं ते असं, की किती लोकांची सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलची प्राथमिक रक्तचाचणी केली, तिच्या निकालाची किती कार्डं वाटली, याचे आकडे मांडले जातात. कार्ड मलाही मिळालं आहे, वाहकाचं, म्हणजे गुण अर्धा असलेल्याचं. सोयरिकीच्या वेळी लोक ते लपवतात हा वेगळा विषय आहे, त्यावर आपण बोललात तर उपकार होतील. पण कार्ड खाऊन दुखणं थांबत नाही. पुढच्या बैठकीत कार्डांचा आकडा बाजूला ठेवून एवढंच मागा: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात गेल्या बारा महिन्यांत हायड्रॉक्सियुरिया कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिल्लक नव्हती. साठा रजिस्टरमध्ये ते लिहिलेलं असतं. लहान मुलांचं पातळ औषध किती बाटल्या आलं, किती पोरांना मिळालं. पेशी मोजायचं यंत्र कुठं आहे आणि त्याचं रसायन कधीपासून संपलं आहे. रुग्ण तालुक्याला येण्याऐवजी महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी उपकेंद्रात रक्त घेता येईल का. रोवणीच्या आधी, ज्येष्ठातच, दोन महिन्यांची गोळी एकदम देता येईल का. हे शेवटचं तर एका परिपत्रकाचं काम आहे.

आमच्या जिल्ह्याच्या बैठकीची तारीख कळली तर माझ्या दुकानाचं विक्री रजिस्टर घेऊन मी येईन. सिकलच्या घरांत डायक्लो किती जाते आणि हायड्रॉक्सी किती, ते महिन्यानुसार त्यात आहे. रुग्णांची नावं झाकून देईन.

आपला,
एक औषध विक्रेता,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर